ठिपका चुकलेले तीन सिनेमे

— नाही, नाही, आधी त्याला न्या. त्या जाड्याला. तो बघा, भिंतीकडच्या खुर्चीत बसलाय तो — केव्हाचा बसलाय बिचारा, हूं नाही की चूं नाही, इथल्या सगळ्यांत तोच एक शहाणा माणूस दिसतोय. त्याचा नंबर आधीचा असणार. नसला तरी घ्या त्याला. मला काय, मी रिकामाच आहे, घरी जाऊन कुठे राज्य करायचंय? मघाशी त्या म्हातारीला पुढे जाऊ दिलं, मग त्या खोकणाऱ्या मास्तरला जाऊ दिलं, कुणाचं काही बिघडलं का? — आणि हे बघा सिस्टर, ते थेंब जरा बेताने टाका. डोळा आहे, गटार नव्हे. टाकलेत? परत? झोंबतंय. झोंबत नाही कसं, झोंबतंच, तुमच्या डोळ्यात टाकून बघा एकदा. — मिटतो, मिटतो. ओरडू नका. मिटला.

काय म्हणालात? सिनेमे? सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, त्या सालातले बघण्यासारखे सिनेमे कोणते — हे मला विचारताय? हे माझ्या लेकीचं काम. बाहेर चहाला जाताना तुमच्या कानाला लागली होती, मी काय बघितलं नाही? बघितलं नाही, ऐकलं. ‘बाबांना सिनेमाचं विचारा, म्हणजे घाबरणार नाहीत.’ हेच सांगितलं ना? लहान पोराला सुई टोचताना चिमणी दाखवतात, तशातली गत. मी घाबरलोय म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? हात? हात हा असाच हलतो. वय झालंय त्याचं. आणि इथे गारठा किती, मशिनातून बर्फासारखी हवा सोडून ठेवलीय, त्यात हा तुमचा झगा, पुढून राजा नि मागून भिकारी, नाडी बांधायची म्हटली तर हात पोचत नाही — माणूस थरथरेल नाही तर काय करेल?

सुट्टीत बघणार आहात? खरंच? बघा बापडे. पण चुकीच्या माणसाला विचारलंत. मी सिनेमा पाहिलेलाच नाही. हसू नका, खरं सांगतोय. थेटरात ऑपरेटर होतो मी, वर केबिनमध्ये, मशीन चालवायचो. उभा जन्म त्यात गेला. एकेक सिनेमा शंभर-शंभरदा माझ्या हाताखालून गेला आणि पाहिला एकही नाही. आता कसं ते ऐका. तुमचा तो थेंब मुरेपर्यंत दुसरं करायचं तरी काय? तेव्हा सिनेमा डब्यांतून यायचा, पत्र्याचे गोल डबे, एका डब्यात एक रीळ, वीसेक मिनिटांचं. केबिनमध्ये दोन मशिनं शेजारी शेजारी. एकावर रीळ चालू असलं की दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं. पहिलं संपत आलं की पडद्यावर, अगदी वर, उजव्या कोपऱ्यात, एक ठिपका येतो — काळा, वाटाण्याएवढा, आला म्हणेपर्यंत गेला. तुमच्या डोळ्यांसमोरून गेला असेल, पण तुम्ही पाहिला नसेल. हिरॉईन मध्यभागी रडत असते, कोपऱ्याकडे कोण बघतंय? आम्ही बघतो. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. मग दम धरायचा. मग दुसरा ठिपका — आणि खटका ओढायचा. खट्! हे बंद, ते सुरू. खालच्या माणसाला पत्ता लागता कामा नये. आणि चुकला दुसरा ठिपका, तर रीळ सुटतं, पडदा पांढराफटक पडतो, आणि पुढच्या बाकांवरचं पब्लिक तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. म्हणून मी सिनेमाभर कोपरा बघायचो. नट्या आल्या, नट आले, म्हातारे होऊन गेले, मला त्यांचा डावा कान ठाऊक नाही. वरचा उजवा कोपरा विचारा — पंखा, ढग, झाडाची फांदी, भिंतीवरचं कॅलेंडर. कॅलेंडरं मी चिक्कार पाहिली.

ते मोठे मोठे सिनेमे? चाललेले? चालले ना. माहीत आहेत. लोक भिंतीवरून उड्या मारून तिकिटाला यायचे, पायपुसणी झाली माणसांची. मारामाऱ्या काय, घोडे काय, शेवटाला आगी काय लावायचे. त्यातल्या एकातसुद्धा माझा ठिपका चुकला नाही. एकही नाही! याचा अर्थ काय? याचा अर्थ मध्यभागी बघण्यासारखं काही नव्हतं. माझा हिशेब सरळ आहे सिस्टर. माझी नजर कोपऱ्यावर खिळ्यासारखी ठोकलेली. ती जो सिनेमा उपटून मध्यभागी नेईल, माझ्या हातून जो ठिपका चुकवेल, तो सिनेमा चांगला. बाकी सगळी वरात. त्या सालांत तीन चुकले. तीनच. तेवढे बघा, बाकीच्या वेळात झोपा काढा.

नावं? आता नावं आली का! नावं मला नाही येत. डब्यावर असायची, पण मी तिसरीतून पळालेला माणूस, वाचत बसलो असतो तर रीळ कुणी चढवलं असतं? आम्ही आपली नावं ठेवायचो. नळाचा. भावांचा. तुमच्या त्या फोनला सांगा की, नळाचा सिनेमा दाखव म्हणून, एवढा हुशार आहे तर.

नळाचा असा. भरदुपारी एक चोर घरात शिरतो. घरात एकटी म्हातारी. तो सुरा काढणार एवढ्यात ती त्याच्यावरच खेकसते, ‘ही काय यायची वेळ? आधी मोरीतला नळ बघ!’ तिला वाटतं नळवाला आला. आता हा काय करतो? तिचा आवाजच असा, की बसतो खाली, नळ खोलतो. नळ झाला की म्हणते, टाकी गळतेय. टाकी झाली की म्हणते, खिडकीची कडी. मध्येच शिव्या घालते, मध्येच जेवायला वाढते. संध्याकाळी घामाघूम होऊन निघतो तर दारातून ओरडते, ‘उद्या लवकर ये, गच्ची राहिलीय!’ आणि दुसऱ्या दिवशी तो येतो हो! येतो! स्वतःचा पाना घेऊन येतो! तो पाना त्याने पिशवीतून काढला आणि मी असा हसलो, असा हसलो की मशीनला धरून उभा राहिलो, आणि गेला ठिपका. पडदा पांढरा. मॅनेजर धाडधाड जिना चढून वर, ‘झोपला होतास का रे गाढवा?’ मी बोलू शकेना, नुसतं केबिनच्या भिंतीतल्या भोकाकडे बोट दाखवलं. पुढच्या खेळाला आला, त्याने भोकातून बघितलं, आणि तोही तिथेच बसला पोट धरून.

बघा, तुम्ही हसलात. बरं वाटतं कुणी — ते काय वाजलं? आत काय वाजलं? ट्रे? कसला ट्रे? पडू कसा देता ट्रे? ज्याच्या हातातून ट्रे पडतो त्याच्या हाती डोळे — बरं, बरं, बाहेरच्या बाईच्या हातून पडला. डॉक्टरांच्या नाही. ठीक. नाही, मी उठत नाहीये. पाय आखडला होता.

दुसरा भावांचा. तो एकटीने बघू नका. दोन भाऊ, एकच घर, मध्ये भिंत घातलेली. भांडण कशावरून ते सांगतच नाहीत, मला ते आवडलं, कशावरून का असेना. बोलत नाहीत. थोरल्याला खोकला लागतो. धाकटा भिंतीच्या अलीकडे जेवतो, दाढी करतो, जोडे पुसतो, आणि पलीकडून खोकला. खोकला ऐकून ऐकून वैतागतो, भिंतीवर चप्पल मारतो, गप बस म्हणून. आणि एके दिवशी सकाळी तो चहा कपात ओततोय — आणि खोकला येत नाही. बस. एवढंच. तो ओतायचा थांबतो. तुम्ही थांबता. सगळं थेटर थांबलं. एवढं मोठं भरलेलं थेटर, कुणी खुर्ची वाजवली नाही. तो किटली हातात धरून भिंतीकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय, आणि ठिपका कधी येऊन गेला — असो. बघा तो.

तिसरा? तिसरा राहू द्या.

राहू द्या म्हटलं ना. त्या जाड्याला न्या आता. नाही? अजून थेंब? अहो किती? डोळ्याची बाहुली मोठी व्हायला पाहिजे, हे मला मघापासून सांगताय. होऊ दे, होऊ दे मोठी. मला काय घाई नाही. उद्या आलो तरी चालेल. मागच्या खेपेला सर्दी झाली म्हणून परत गेलो होतो. होती सर्दी. थोडी होती. त्याच्या आधीच्या खेपेला रिक्षाच मिळाली नाही. — आणि तुम्ही हे काय करून ठेवलंय माझ्या कपाळावर? हे, भुवईच्या वर, पेनाने? खूण? कोणता डोळा ते कळायला? अहो, एकच तर उरलाय, दुसरा कोणता कापणार? वर, उजव्या कोपऱ्यात, काळा ठिपका. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत ते? नाही कळणार. सकाळी तुम्ही पेन टेकवलंत तेव्हापासून माझ्या पोटात मोटर चालू झालीय.

डावा? डाव्याचं काय सांगायचं. मोतीबिंदूच होता. असंच होतं सगळं, थेंब, झगा, गारठा. हे हॉस्पिटल नव्हे, दुसरं. काही नसतं आजोबा, म्हणाले, पंधरा मिनिटांचं काम. झालं पंधरा मिनिटांत, दुखलं पण नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. उजव्यावर हात ठेवायला लावला. मी वाट बघतोय. डॉक्टर म्हणाले, किती बोटं? मी म्हणालो, आधी लाईट लावा. मी परत म्हणालो, अहो लाईट लावा की, अंधारात बोटं काय मोजू? मग माझ्या मागून लेकीचा आवाज आला — बोलली नाही काही, नाक ओढलं तिने नुसतं. तेव्हा मला कळलं की लाईट लावलेलाच आहे. आत पू झाला म्हणाले. होतो म्हणाले एखाद्याला. हजारांत एखाद्याला. तो एखादा मी.

म्हणून म्हणतो, मला घाई नाही. पोरी, तुला सांगतो, आमच्या थेटराच्या शेवटी शेवटी एक मशीन जाम झालं. डावंच. भाग मिळत नव्हता. मग एकाच मशीनवर खेळ. ठिपका यायचा, पण खटका ओढून जायचं कुठे? शेजारचं तर मेलेलं. रीळ संपलं की अंधार. मग अंधारात जुनं काढा, नवं चढवा, खालून शिट्ट्या, पाय आपटताहेत, कुणी काय काय फेकतंय. पण मला तेव्हा भीती वाटली नाही हो. माझे हात चालत होते ना. मला माहीत होतं, अंधार आहे, पण पुढचं रीळ माझ्या मांडीवर आहे, मी चढवतोय. आता कोण चढवणार? मी इथे झगा घालून उताणा पडणार आणि वरती कोण आहे हे मला माहीत नाही. ठिपका बघतोय की हिरॉईन बघतोय!

नाही. नाही रडत. थेंब तुझेच आहेत.

लेकीला सांगू नको हं. तिला वाटतं उजव्याने मला दिसतं बऱ्यापैकी. थोडं धुरकट दिसतं, एवढंच सांगितलंय मी तिला. रोज दुपारी ती माझ्यासाठी टीव्हीवर जुने सिनेमे लावते, शेजारी बसते, बाबा बघताय ना? बघतोय. ती हसली की मी हसतो. ती गप्प झाली की मी गप्प होतो. एकदा ती शिंकली नि मी हसलो. निभावलं कसंबसं. पण परवा दारात कुणी उभं होतं, मी म्हणालो, कोण पाहिजे? इथे आत्ता घरात कुणी नाही, नंतर या. ती जवळ आली. मग म्हणाली, बाबा, मी आहे. पोटची पोर. सकाळीच निघाली होती माझ्या हातात डबा देऊन. म्हणून आलोय इथे. नाहीतर मेलो असतो पण आलो नसतो. तिचा तो आवाज — ‘बाबा, मी आहे’ — तो परत ऐकायचा नाही मला.

तर त्याला ने आधी. त्या — काय? कोण गेलं? कधी? पण तो बसलाय की! तो काय तिथे, भिंतीकडे, पोट पुढे काढून — घोंगडी? घोंगडी आहे? घड्या घालून ठेवलेली? आणि वर ते डोकं? उशी. — उशी.

सगळे गेले? पलीकडच्या बाकावर? तिथेही कुणी नाही? म्हणजे मघापासून मी आणि तूच. मी त्याला शहाणा म्हणालो. उशीला. बोलली का नाहीस तू? मला वाईट वाटेल म्हणून? अगं, वाईट वाटायचं ते — हस, हस तू. मीही हसतो. हात धर जरा माझा. हलू दे, असाच हलतो तो. घाबरलोय मी. झालं समाधान? सांग जा सगळ्या वॉर्डाला.

तिसरा सिनेमा सांगतो. किल्लीचा. एक बाई माहेराहून परत येते, हातात पिशवी, आणि घराला कुलूप. नवऱ्याचा पत्ता नाही. किल्ली नाही. सिनेमाभर ती ती किल्ली शोधत फिरते, शेजारणीकडे, त्याच्या कचेरीत, त्याच्या दोस्ताकडे, आणि प्रत्येक जण त्याच्याबद्दल कायतरी भलतंच सांगतो, आणि तुम्हाला कळत जातं की हिला आपला माणूस ठाऊकच नव्हता. शेवटी किल्ली मिळते. ती दाराशी येते. कुलूप काढते. हात असा दारावर ठेवते — आणि आतून आवाज येतो. भांडं सरकल्यासारखा. घराला बाहेरून कुलूप, आणि आतून आवाज! तिचा हात बघत राहिलो मी. बोटं बघत राहिलो. आणि ठिपका गेला. दार ढकललं तिने, आणि पडदा पांढरा. खालून एक शिट्टी आली नाही, माहीत आहे? त्यांना वाटलं, आत तेच आहे. पांढरं. मी खटका ओढेपर्यंत दुसऱ्या मशीनवरचं रीळ पुढे पळालं होतं, ती बाई रस्त्याला लागली होती, पाठमोरी चाललेली, तोंड दिसतच नाही तिचं. आत काय होतं ते गेलं.

मग पुढच्या खेळाला बघायचं ना — तू हेच म्हणणार. सगळे हेच म्हणतात. मॅनेजरने दम दिला होता, ठिपका चुकवशील तर बघ, म्हणून नाही बघितलं. असं मी सांगतो लोकांना. खोटं आहे. तिथे आलं की माझी मान आपोआप कोपऱ्याकडे वळायची. चांगला धडधाकट माणूस, दोन्ही डोळे शाबूत, आणि हिंमत होत नव्हती. आठवडेच्या आठवडे चालला, रोज चार खेळ, आणि रोज मी ती बाई दाराशी पोचली की ठिपक्याकडे तोंड फिरवायचो. आत काय ते ती एकटीच बघून जायची रोज. मी नाही. आता लेकीने शोधून काढलाय तो कुठूनतरी. बाबा, लावू का? म्हटलं, नको, डोळा होऊ दे आधी. आणि डोळ्याला इथे यायला सर्दी. म्हणजे बघ मी कसा —

काय झालं? अशी का बघतेस? बघत नाहीस? हात का दाबलास मग? — पाहिलाय? तू? तो किल्लीचा? हाच? पिशवी, कुलूप, भांड्याचा आवाज — आईबरोबर पाहिलास? टीव्हीवर? म्हणजे तुला माहीत आहे. आत काय —

थांब! बोलू नको! एक अक्षर काढू नको तोंडातून, तुझी शपथ आहे. चांगलं होतं का वाईट, तेही नको. मान नको हलवू, मला तेवढं दिसतं. तसंच ठेव तोंडात. गिळू नको, ठेव.

ऐक आता. उद्या पट्टी सोडतील तेव्हा तुझी ड्युटी आहे का? नसली तरी ये. येशील? डॉक्टर विचारतील, किती बोटं. मी जर बोटं सांगितली, चुकीची का होईना, दोनाची तीन का होईनात, पण सांगितली, तर तू तशीच गप्प निघून जायचं. मी माझा बघीन तो सिनेमा. लेकीशेजारी बसून, मध्यभागी बघीन, कोपरा गेला खड्ड्यात. आणि मी जर म्हणालो, आधी लाईट लावा — तर पोरी, तू बोल. कुणी नाक ओढायच्या आत बोल. ती बाई दार ढकलते, आणि आत काय असतं, ते तेव्हा सांग मला. सगळं सांग, भांडं कसलं होतं तेसुद्धा.

ते लाल काय पेटलं? दारावर, वर? दिवा? पुढच्याला बोलवायचा? म्हणजे झालं त्यांचं आत. दुसरा ठिपका. आलं माझ्या लक्षात.

ती नाडी बांध माझी मागची. उठतो, उठतो, ओढू नको. त्या जाड्याला बसू दे इथेच.

आता गप्प. म्हटलं ना, गप्प.